एका पापाच्या नावामागून प्रागभर: हुसच्या वाटेवरची पायी फेरी

प्रागच्या जुन्या शहरात पायी फिरवणारे गाइड पैशाला पासरी मिळतात. खगोलीय घड्याळ, चार्ल्स पूल, ज्यू वस्ती, बिअरचे गुत्ते, भुताखेतांच्या गल्ल्या, प्रत्येकाची वेगळी फेरी. मी इथे ज्या फेरीबद्दल लिहितोय ती यांपैकी कशातच बसत नाही. ती सगळी एका पापाभोवती फिरते. चर्चमधलं पद पैसे मोजून विकत घेणं किंवा विकणं, हे ते पाप. युरोपातल्या बहुतेक भाषांत त्याला ‘सिमोनिया’च्या घराण्यातला शब्द आहे. चेक लोकांकडे मात्र स्वतःचा, वेगळा शब्द आहे. ही फेरी त्या शब्दाचा माग काढत पंधराव्या शतकातला चेक धर्मसुधारक यान हुस याच्या बेथलेहेम चॅपेलपर्यंत जाते.

आधी माझी ओळख, म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. मी वसईचा कॅथलिक. नोकरीची सगळी वर्षं स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षणात गेली. ग्रामपंचायती, पाणीपुरवठा योजना, शाळा इमारत निधी अशा दप्तरांत मी माणसं ओळखायला शिकलो. लेक प्रागला नोकरीला आहे, म्हणून तिकडे जाणं होतं. तिनेच ही फेरी शोधून काढली. “बाबा, ह्या बाई चर्चच्या हिशेबांवर बोलतात. तुम्हांला आवडेल,” म्हणाली. आवडलीच. आणि ती का आवडली हे नीट सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडून प्रागला जाणारी बरीच मंडळी हुसच्या पुतळ्यापुढे फोटो काढतात आणि तो कोण हे न विचारता पुढे जातात.

गाइडबाई साठीच्या पुढच्या असाव्यात. आवाज बारीक पण ठाम. परवानाधारक आहेत, पण एकट्या काम करतात आणि नाव इंटरनेटवर नको म्हणाल्या, म्हणून देत नाही. फेरी इंग्रजीतून असते. एका वेळी आठ-दहाच माणसं घेतात. कानात घालायचं यंत्र वगैरे काही नाही. सगळ्यांनी जवळ उभं राहून ऐकायचं. आमच्या गटात एक पोलिश जोडपं, इटलीची एक शिक्षिका, एक हंगेरियन विद्यार्थी, इंग्लंडचे एक निवृत्त वकील, एक जर्मन आजी आणि आम्ही बापलेक होतो.

सुरुवात जुन्या शहराच्या चौकात, हुसच्या स्मारकापाशी. लादिस्लाव शालोउनने घडवलेलं हे स्मारक १९१५ मध्ये, हुसला जाळल्याला ५०० वर्षं झाली तेव्हा उभं राहिलं. बाईंनी शिल्पावर फारसा वेळ घालवला नाही. त्यांनी सरळ विचारलं: चर्चचं पद विकण्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?

इटालियन बाई लगेच म्हणाल्या, ‘सिमोनीया’. त्यांच्याकडे हा शब्द शाळेतच कानी पडतो, कारण कवी दान्तेच्या महाकाव्यातल्या नरकात असे पोप खडकातल्या भोकांत डोकं खाली, पाय वर करून रोवलेले आहेत आणि त्यांच्या तळव्यांवर आग नाचतेय. जर्मन आजींनी ‘झिमोनी’ सांगितलं. हंगेरियन मुलाला आधी आठवेना, मग फोनवर बघून ‘सिमोनिया’ म्हणाला. वकिलांनी ‘सायमनी’ म्हटलं आणि पहिल्या एलिझाबेथच्या काळात संसदेने त्याविरुद्ध कायदा केल्याची भर घातली. फ्रेंच ‘सिमोनी’ आणि स्पॅनिश ‘सिमोनीआ’ बाईंनी स्वतः जोडले. पोलिश जोडप्यात थोडा वाद झाला. नवरा ‘सिमोन्या’ म्हणाला, बायको ‘श्व्येंतोकुप्स्त्वो’. बाई हसल्या आणि म्हणाल्या, दोन्ही बरोबर. आणि चेकमध्ये आम्ही म्हणतो ‘स्वतोकुपेत्स्त्वी’. ‘स्वती’ म्हणजे पवित्र, ‘कुपेत्स’ म्हणजे व्यापारी. पवित्र गोष्टींचा व्यापार.

मला विचारलं तेव्हा मी आमच्या मराठी बायबलमधलं नाव सांगितलं: शिमोन. कारण बाकी सगळे शब्द ह्या एका माणसाच्या नावावरूनच आलेत. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. शोमरोनातला हा जादूटोणा करणारा माणूस फिलिप्पाच्या हातून बाप्तिस्मा घेतो. मग येशूचे शिष्य पेत्र आणि योहान येतात, लोकांवर हात ठेवतात आणि त्यांना पवित्र आत्मा मिळतो. ते पाहून शिमोन पैसे पुढे करतो आणि म्हणतो, हा अधिकार मलाही द्या. पेत्र त्याला झिडकारतो: तुझ्या रुप्याचा तुझ्याबरोबर नाश होवो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या चौकात उभं राहून मला तिच्यातली एक बाब पहिल्यांदा दिसली. तिथे व्यवहार झालेलाच नाही! शिमोनने पैसे देऊ केले, पेत्राने घेतले नाहीत. शिमोन घाबरला आणि माझ्यासाठी तुम्हीच प्रार्थना करा म्हणून विनवू लागला. तरी दीड-पावणेदोन हजार वर्षं त्याचंच नाव ह्या पापाला चिकटलंय.

आमच्या कामात एक साधा नियम असतो. पैसा कोणी दिला हे सापडलं की लगेच कोणी घेतला ते शोधायचं. एका बाजूची नोंद म्हणजे अर्धी नोंद. ‘सिमोनिया’ ह्या शब्दात फक्त देणारा आहे. घेणारा कुठे गेला? मी हे बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, थांबा, चॅपेलमध्ये पोहोचलो की याचं उत्तर देते. तोवर त्यांनी ते मुद्दाम राखून ठेवलं. गोष्ट कुठे उघडायची हे त्यांना बरोबर कळतं.

पुढचा मुक्काम चौकाच्याच कडेला, ‘तीन’ (Týn) नावाच्या चर्चसमोर. दोन उंच काळसर मनोरे, टोकांवर बारीक सुळके. पर्यटक इथे मान वर करून बघत असतात; बाईंनी आम्हांला दाराकडे बघायला लावलं. १४१२ मध्ये पैशाच्या पेट्या ठेवल्या गेल्या त्या इथे, गडावरच्या सेंट व्हिटस कॅथीड्रलमध्ये आणि व्हिशेह्राडला. त्या काळी पोप म्हणवणारे तिघे होते. १३७८ पासून दोन, १४०९ च्या पिसाच्या परिषदेनंतर तीन. त्यांतला एक बाल्दासारे कोस्सा, म्हणजे तेविसावा जॉन, याला नेपल्सच्या लादिस्लाउस राजाशी लढायला पैसा हवा होता. त्याने पापक्षमेची पत्रं विकायला काढली. प्रागमध्ये हे काम व्हाक्लाव तीएम नावाच्या माणसाकडे होतं आणि त्याने आपले भाग मक्त्याने दिले. म्हणजे अमुक भागातून येणारी वसुली अमुक रकमेला कोणीतरी आधीच उचलायची आणि मग लोकांकडून काढून घ्यायची. चेक राज्याचा राजा वेन्सेस्लास याचाही त्यात वाटा होता.

‘मक्ता’ हा शब्द मी लेकीला मराठीत सांगितला तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे जकात नाक्याचा असायचा तसा?” अगदी तसाच. मक्तेदाराने एकदा रक्कम मोजली की त्याला ती भरून काढायचीच असते, मग समोरचा म्हातारा आहे की विधवा हे कोण बघतो?

इथे बाईंनी एक फरक नीट समजावला आणि त्याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देईन. पापक्षमेच्या पत्रांची विक्री आणि पदाची विक्री ह्या काटेकोर अर्थाने दोन वेगळ्या गोष्टी. बहुतेक गाइड आणि बरीच पुस्तकंही त्यांची सरमिसळ करतात. पदविक्रीचं यंत्र वेगळं होतं. एखाद्या बिशपची किंवा मठाधिपतीची नेमणूक पोपकडून झाली आणि त्याच्या जागेचं वार्षिक उत्पन्न १०० फ्लोरिनच्या वर असलं, की त्याला वर्षाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा पोपच्या कोषागारात भरावा लागे. त्यातला अर्धा कार्डिनल मंडळींत वाटला जाई. खालच्या जागांसाठी पहिल्या वर्षाच्या उत्पन्नावर हक्क सांगितला जाई. शिवाय, जो अजून जिवंत आहे त्याच्या जागेवर पुढचा माणूस आधीच नेमून ठेवणारी पत्रं निघत. ह्या सगळ्याला अधिकृत नावं होती, दर होते, नोंदवह्या होत्या. एखाद्याने अंधारात पाकीट सरकवलं असा हा प्रकार नव्हता. पावती मिळत होती. म्हणूनच त्याला पाप म्हणणं इतकं कठीण होतं. दप्तर स्वच्छ असलं की व्यवहार स्वच्छ असतो असं मानणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे हरकत लिहायला किती बळ लागतं हे मला माहीत आहे. तीन पोप झाल्यावर कोषागारं तीन झाली आणि प्रत्येकाला आपला खर्च भागवायचा होता.

प्रागचं आर्चबिशपचं पदही यातून सुटलं नाही. वेन्सेस्लास राजाचा वैद्य आल्बीक त्या गादीवर बसला आणि वर्षभरातच उतरला. पद पैशाने मिळवलं असा त्याच्यावर आरोप होता. हे बाईंनी एका वाक्यात उरकलं. मला इथे अजून ऐकायचं होतं. राजवैद्य ते आर्चबिशप हा प्रवास कसा झाला, मध्ये कोण होतं, हेच तर ह्या फेरीचं खरं उदाहरण झालं असतं.

तिथून झेलेझ्ना गल्लीने कारोलिनुम, चौथ्या चार्ल्सने १३४८ मध्ये स्थापलेल्या विद्यापीठाची जुनी वास्तू. नक्षीदार गॉथिक सज्जा बाहेरूनच बघायचा. जून १४१२ मध्ये हुसने इथे पापक्षमेच्या विक्रीविरुद्ध जाहीर वाद घातला. त्याच सुमाराला गावात पोपच्या फर्मानांची सोंगं काढून मिरवणूक निघाली आणि ती फर्मानं जाळली गेली. ११ जुलैला चर्चमध्ये विक्रीला विरोध करणाऱ्या तीन तरुणांचा शिरच्छेद झाला. मार्टिन, यान आणि स्ताशेक. लोकांनी त्यांची प्रेतं बेथलेहेम चॅपेलमध्ये नेऊन पुरली. हा भाग बाईंनी भराभर सांगितला. १४०९ मध्ये राजाने विद्यापीठात चेक लोकांना झुकतं माप दिलं, जर्मन प्राध्यापक आणि विद्यार्थी उठून गेले आणि त्यांतून लाइपझिगचं विद्यापीठ उभं राहिलं, हे तर त्यांनी जर्मन आजींनी विचारल्यावरच काढलं. हुसच्या बाजूच्या माणसांनाही अडचणीत आणणारी ही बाजू न विचारता यायला हवी होती.

माझी मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. चालता चालता बाईंच्या बोलण्यातून असं चित्र उभं राहत होतं की एका बाजूला भ्रष्ट चर्च आणि दुसऱ्या बाजूला एकटा हुस. मी चर्चचा माणूस आहे; मला हे खटकलं आणि मी ते बोललो. पद विकणं हे पाप आहे हे चर्चला सांगायला हुसची वाट बघावी लागली नव्हती. ४५१ च्या खाल्सेदोनच्या परिषदेने नियमच केला होता, की पैसे घेऊन दीक्षा देणाऱ्या बिशपचंही पद जाईल आणि ती दीक्षा घेणाऱ्याचंही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिल्या ग्रेगरीने त्याचे तीन प्रकार सांगितले: हाताने दिलेलं, जिभेने दिलेलं आणि सेवेने दिलेलं. म्हणजे रोख रक्कम तर सोडाच, पदासाठी केलेली खुशामत आणि राबवलेली चाकरीही त्यात येते. किती बारीक नजर आहे ही! आमच्या नियमपुस्तिकेत फक्त पहिला प्रकार पकडता येतो. १०४६ मध्ये सुत्रीच्या परिषदेत तर खुद्द पोप सहाव्या ग्रेगरीला गादी सोडावी लागली, कारण ती त्याने आधीच्या पोपकडून पैसे देऊन मिळवली होती. आजच्या कॅथलिक कायद्यातही अशा व्यवहारातून झालेली नेमणूक आपोआप रद्द ठरते. हुस जे बोलला ते चर्चच्याच पोथीतलं होतं. त्याच्या शोकांतिकेची धार मला तर त्यामुळेच जास्त लागते.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, बरोबर आहे, आणि हे तिन्ही प्रकार हुसच्या पुस्तकातही आहेत. मी पुढच्या वेळी आधी सांगेन. पर्यटकांचं ऐकून आपली मांडणी बदलायला तयार असलेला गाइड मला क्वचितच भेटला आहे. वकीलसाहेबांनीही इथे आपल्याकडची गोष्ट काढली: इंग्लंडमध्ये पॅरिशवर धर्मगुरू नेमायचा हक्क ही एक मालमत्ता होती, जमिनीसारखी तिची खरेदी-विक्री चाले, लिलावही होत. जागा रिकामी असताना विकलं तर गुन्हा. आधीचा धर्मगुरू जिवंत असताना हक्क विकला तर व्यवहार कायदेशीर. कायदा होता, आणि कायद्याच्या कडेने बाजारही होता.

हुसोवा गल्लीतून आत वळलं की बेथलेहेम चौक लागतो. चॅपेल बाहेरून अगदी साधं आहे. दोन टोकदार छपरं, सपाट भिंती. १३९१ मध्ये ते बांधायला घेतलं गेलं ते चेक भाषेत प्रवचनं व्हावीत म्हणून. एका दरबारी माणसाने आणि क्रीझ नावाच्या एका दुकानदाराने पुढाकार घेतला; जागा दुकानदाराची. आत ३,००० माणसं मावत. १४०२ पासून हुस इथे बोलू लागला. आज दिसते ती मूळ इमारत नाही. १७८६ मध्ये ती पाडली गेली, तिच्या जागी घरं उठली, आणि १९५० च्या दशकात यारोस्लाव फ्राग्नरने ती पुन्हा उभी केली. जुन्या भिंतींचे काही भाग शेजारच्या घरांत दडून राहिले होते, ते आत मिसळून घेतलेत. विहीरही जुनी आहे, चॅपेलच्या आतच. हे नवं बांधकाम म्हणून नाक मुरडणारे लोक असतात. मला तसं वाटलं नाही. सभागृह उजेडाचं आहे, लाकडी तुळया उघड्या आहेत आणि मधोमध व्यासपीठाची जागा बघून कळतं, की इथे बोलणं ऐकायलाच माणसं येत होती.

आणि भिंती! हुसने ह्या भिंतींवर ‘सहा चुका’ ह्या आपल्या लॅटिन प्रबंधातला मजकूर लिहवून घेतला होता. त्यांतली सहावी चूक सिमोनिया. जाणाऱ्या-येणाऱ्याने वाचावं म्हणून पापाचं नाव भिंतीवर. मूळ अक्षरांचे तुकडे जपलेत, बाकीचा मजकूर पुन्हा लिहिलाय. दुसऱ्या भिंतींवर येनाच्या हस्तलिखितातली आणि रिखेंटालच्या बखरीतली चित्रं मोठी करून काढली आहेत. कागदी टोपी घातलेला हुस चितेकडे नेला जातोय, ते त्यांतलंच.

इथे बाईंनी आम्हांला बाकांवर बसवलं आणि माझ्या प्रश्नाकडे वळल्या. ऑक्टोबर १४१२ मध्ये प्रागवर चर्चची बंदी आली. मिस्सा नाही, दफनविधी नाही. आपल्यामुळे गावाचे हाल नकोत म्हणून हुस शहर सोडून दक्षिणेकडे खेड्यापाड्यांत गेला. तिथल्या दिवसांत, १४१३ मध्ये, त्याने ह्याच पापावर एक पुस्तक लिहिलं आणि ते चेक भाषेत लिहिलं. विद्वानांसाठी लॅटिन होतीच. हे पुस्तक ज्यांच्या खिशातून पैसा जात होता त्यांच्यासाठी होतं. त्यात पोप, बिशप, मठवासी, धर्मगुरू आणि शेवटी सामान्य माणूस, प्रत्येकाचा वाटा वेगळा मांडलाय. आणि त्यात शिमोन एकटा नाही. त्याच्या जोडीला गेहजी आहे.

गेहजी ऐकताच मी जागेवर ताठ झालो. दुसरं राजे, पाचवा अध्याय. नामान सेनापतीचं कोड अलीशा ह्या संदेष्ट्याने बरं केलं आणि भेट घ्यायला साफ नकार दिला. त्याचा चाकर गेहजी मात्र मागून धावत गेला, खोटं बोलला आणि दोन किक्कार रुपे आणि दोन पोशाख घेऊन आला. नामानचं कोड त्याला जडलं. देवाची देणगी विकत घेऊ पाहणारा शिमोन आणि विकणारा गेहजी. मध्ययुगातल्या धर्मपंडितांना ही जोडी ठाऊक होती. दोघांची नावं ते वापरत. पण बोलीभाषांत शिमोन उरला आणि गेहजी विरून गेला. इटलीपासून इंग्लंडपर्यंत, हंगेरीपासून स्पेनपर्यंत सगळीकडे खरेदी करणाऱ्याचं नाव आणि विक्रेता गुलदस्त्यात. चेक शब्दात मात्र माणसाचं नावच नाही. त्यात व्यापार आहे, आणि व्यापार म्हटला की दोन्ही बाजू आल्या. देणाराही आला, घेणाराही आला, मक्तेदारही आला, आणि ज्या राजाने वाटा घेतला तोही आला. माझ्या अर्ध्या नोंदीची दुसरी बाजू ह्या एका शब्दात सापडली. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला.

त्यांनी एक गोष्ट अजून सांगितली, ती मला फार भिडली. हुसने स्वतःबद्दल लिहून ठेवलंय की विद्यार्थी असताना आपल्यालाही लवकर धर्मगुरू व्हावंसं वाटे ते चांगलं राहणीमान, चांगले कपडे आणि लोकांतला मान मिळावा म्हणून. पद पैशाने घेतलं नाही तरी पदाकडे उत्पन्न म्हणून पाहणं हेही त्याच वाटेवरचं पाऊल आहे, हे त्याने स्वतःपासून सुरू करून सांगितलं. हे वाचणाऱ्या माणसाचा त्याच्यावर विश्वास बसला असणार.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. कोन्स्तान्सच्या परिषदेला तो झिगिस्मुंड राजाच्या अभयपत्रावर गेला, कैद झाला आणि ६ जुलै १४१५ रोजी जाळला गेला. त्याच परिषदेने २९ मे १४१५ रोजी पेट्या पाठवणाऱ्या त्या तेविसाव्या जॉनला पदच्युत केलं होतं. त्याच्यावरच्या आरोपांत सिमोनिया होतीच. म्हणजे सहा आठवड्यांच्या आत त्याच सभेने विकणाऱ्यालाही शिक्षा दिली आणि विक्रीला नाव ठेवणाऱ्यालाही. फरक एवढाच, की कोस्सा काही वर्षं कैदेत राहून सुटला, पुन्हा कार्डिनल झाला आणि १४१९ मध्ये फ्लोरेन्समध्ये अंथरुणावर मेला. तिथल्या बाप्तिस्मागृहात दोनातेल्लो आणि मिकेलोत्सोने घडवलेली त्याची देखणी समाधी आहे. इटालियन बाई म्हणाल्या, दान्तेने त्या नरकातल्या भोकांना ज्याची उपमा दिली तेच हे बाप्तिस्मागृह. गटात बराच वेळ कोणी बोललं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉलने हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल खोल खेद व्यक्त केला, हे मी तिथे सांगितलं. कॅथलिक म्हणून मला ते सांगायचंच होतं.

आता कामाच्या गोष्टी. फेरी तीन तासांच्या आसपास चालते. अंतर फार नाही, पण चौकात आणि ‘तीन’ चर्चसमोर मिळून बराच वेळ उभं राहावं लागतं आणि जमीन दगडी फरशीची आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी बाईंना आधी सांगावं. त्या कारोलिनुमचा वळसा गाळून सरळ चॅपेलकडे नेतात आणि बसून बोलतात. माझ्या मते वयस्कर माणसांसाठी तोच मार्ग बरा, कारण फेरीचा खरा ऐवज चॅपेलमध्येच आहे. पैसे दोन माणसांच्या साध्या जेवणाइतके होतात. चॅपेलचं तिकीट त्यात धरलेलं नाही, ते वेगळं काढायचं. चॅपेल प्रागच्या तंत्रविद्यापीठाकडे आहे आणि पदवीदानासारखे समारंभ तिथे होतात, तेव्हा ते पाहुण्यांना बंद असतं. दिवस ठरवण्याआधी खात्री करून घ्या. ६ जुलैला चेक प्रजासत्ताकात हुसच्या स्मरणाची राष्ट्रीय सुट्टी असते.

ज्यांना गावाची सुंदर दृश्यं आणि फोटो हवेत त्यांना मी ही फेरी सुचवणार नाही. नदी दिसत नाही, पूल लागत नाही. बारा-तेरा वर्षांखालची मुलं कंटाळतील. बायबल माहीत नसलं तरी चालेल, बाई सगळ्या गोष्टी मुळापासून सांगतात. पण निघण्याआधी प्रेषितांची कृत्ये अध्याय ८ आणि दुसरं राजे अध्याय ५ वाचून गेलात तर दुप्पट मिळेल. दोन्ही मिळून पंधरा मिनिटांचं वाचन आहे. सहकारी संस्था, देवस्थान ट्रस्ट, शिक्षणसंस्था असल्या ठिकाणी नेमणुकांशी ज्यांचा संबंध आला आहे अशांनी तर जावंच. तिथे सांगितलेला प्रत्येक व्यवहार तुम्हांला ओळखीचा वाटेल आणि ग्रेगरीचे ते तीन प्रकार तुम्ही वहीत उतरवून घ्याल.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो आल्बीकला एका वाक्यात उरकल्याबद्दल आणि जर्मन बाजू न विचारता न काढल्याबद्दल. खाल्सेदोनचा मी कापणार होतो, पण माझ्या लेकीच्या मैत्रिणी त्यानंतर जाऊन आल्या आणि बाईंनी त्यांना ४५१ पासूनच सुरुवात केली म्हणे.